डोक्यावरून गेलेले विमान : चांद्याच्या जंगलातून पाहिलेला वैमानिकाच्या परवान्याचा इतिहास

१/ भारताचा नकाशा उघडा आणि मद्रास व नागपूर ही दोन शहरे पट्टीने जोडा. ती रेघ चंद्रपूरच्या अगदी जवळून जाते. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली आणि या रेघेच्या आसपासच्या आकाशातून रोज रात्री एक डाकोटा विमान उत्तरेकडे आणि एक दक्षिणेकडे जाऊ लागले. खाली चांदा जिल्हा होता. गडचिरोली तेव्हा याच जिल्ह्यात होती. तिचा वेगळा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. म्हणजे साग-बांबूच्या या मुलखाने विमान पाहिले ते फार लवकर, पण डोक्यावरून जाताना.

२/ ती सेवा मोठी मौजेची होती. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने सुटत, मध्यरात्रीनंतर नागपुरात एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांची अदलाबदल करीत आणि उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतत. दळणवळणमंत्री रफी अहमद किडवाई यांच्या कारकिर्दीतली ही कल्पना. नागपूर देशाच्या मध्यावर आहे, हे वाक्य भूगोलाच्या पुस्तकाबाहेर कोणाच्या उपयोगी पडले असेल तर ते या टपालखात्याच्या!

३/ आता त्या विमानाच्या पुढच्या भागात डोकावू. तिथे दोन माणसे बसलेली आहेत. रात्रीची वेळ, खाली दिवा नाही, पावसाळ्यात ढग. ही माणसे तिथवर कशी पोहोचली? कोणता कागद खिशात असल्यामुळे त्यांना हे विमान चालवू दिले गेले? आणि खालच्या जंगलातल्या एखाद्या मुलाला तो कागद मिळवायचा असता, तर काय करावे लागले असते? वाचकहो, आजचा धागा त्या कागदाविषयी आहे.

४/ वैमानिकाचा परवाना ही वस्तू विमानाइतकी जुनी नाही, पण फार मागेही नाही. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली पॅरिसमध्ये हवाई वाहतुकीविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. त्याच्या एका परिशिष्टात वैमानिकाने काय करून दाखवावे आणि त्याची प्रकृती कशी असावी, हे लिहिले गेले. त्या काळच्या परीक्षा आज वाचताना गंमत वाटते. दोन खुणांभोवती आठच्या आकड्यासारख्या घिरट्या घालायच्या, इंजिनाची शक्ती न वापरता उंचावरून खाली यायचे आणि ठरलेल्या जागेजवळ विमान उभे करायचे. म्हणजे माणसाचा हात पाहिला जाई. त्याच्या शाळेची चौकशी फारशी नसे.

५/ हिंदुस्थानात हा हात घडवण्याचे काम फ्लाइंग क्लबांनी केले. १९२८ च्या सुमारास दिल्ली, मुंबई, कलकत्ता, कराची येथे क्लब उभे राहिले. त्यांना सरकारी अनुदान होते, हे विसरू नका. पुढे याच मुद्द्याकडे यायचे आहे. मुंबईच्या क्लबात जे. आर. डी. टाटा दाखल झाले. प्रशिक्षकासोबत चार तासही उड्डाण न करता त्यांना एकट्याने विमान नेऊ दिले गेले, असे त्यांच्या चरित्रातून कळते. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना जो परवाना मिळाला, त्यावर क्रमांक होता १.

६/ पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून पटकन सांगतो. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला टपाल आणले आणि तिथून नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. विमान होते पस मॉथ, एका इंजिनाचे. रेडिओ नाही, रात्री उतरण्याची सोय नाही. त्या काळी परवान्याचे दोन वर्ग होते. हौशी उडणाऱ्यासाठी ‘ए’ आणि मोबदला घेऊन विमान चालवणाऱ्यासाठी ‘बी’. ‘ए’कडून ‘बी’कडे जायचे तर उड्डाणाचे तास वाढवावे लागत आणि प्रत्येक तासाला पैसे मोजावे लागत. हौस आणि नोकरी यांच्यामध्ये तासांची एक खाई इथे पहिल्यांदा दिसते.

७/ १९३४ चा विमान कायदा आणि १९३७ चे विमान नियम यांनी ही व्यवस्था पक्की केली. १९३७ च्या त्या नियमांत दुरुस्त्यांवर दुरुस्त्या होत राहिल्या. १९३४ चा कायदा तर थेट १ जानेवारी २०२५ रोजी भारतीय वायुयान अधिनियम लागू होईपर्यंत टिकला. नव्वद वर्षे! आपल्याकडे कायद्यांना माणसांपेक्षा दीर्घ आयुष्य असते.

८/ मग युद्ध आले. दुसऱ्या महायुद्धाने वैमानिकांच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट केली. तासांची खाई सरकारने आपल्या खर्चाने बुजवली. हवाई दलाला माणसे हवी होती. ती निवडली, शिकवली, उडवली, आणि युद्ध संपल्यावर शेकडो तासांचा अनुभव असलेले तरुण मोकळे झाले. त्याच वेळी अमेरिकी सैन्याची उरलेली डाकोटा विमाने स्वस्तात विकायला निघाली. स्वस्त विमाने आणि तयार वैमानिक यांच्या जोरावर देशात एकामागून एक विमान कंपन्या निघाल्या. १९४९ च्या रात्री चांद्यावरून जाणाऱ्या विमानांमागे हा हिशेब आहे.

९/ या विदर्भाच्या भूमीवरही युद्धाची एक खूण राहिली. गोंदियाजवळची बिरसीची धावपट्टी त्या युद्धकाळात इंग्रजांनी बांधली. तिच्याकडे आपण पुन्हा येऊ. आज तिथे वैमानिक घडतात.

१०/ मात्र कागद मिळाला म्हणजे खुर्ची मिळाली, असे नव्हते. याचे सर्वांत बोलके उदाहरण प्रेम माथुर यांचे. अलाहाबादच्या फ्लाइंग क्लबात शिकून त्यांनी व्यावसायिक परवाना मिळवला. भारतातल्या पहिल्या महिला व्यावसायिक वैमानिक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आठ कंपन्यांनी त्यांना नाकारले. अखेर हैदराबादच्या डेक्कन एअरवेजने सहवैमानिक म्हणून घेतले. कप्तानपदासाठी लागणारे तास त्यांनी पुरे केले, तरी कप्तानाची खुर्ची काही त्यांना तिथे मिळाली नाही.

११/ हे हैदराबाद आपल्याला वाटते तितके दूरचे नाही. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेला राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. म्हणजे प्रेम माथुर ज्या राज्याच्या राजधानीत खुर्चीसाठी झगडत होत्या, ते राज्य वर्धा नदीच्या काठापर्यंत पसरलेले होते. नियम सर्वांना सारखा असतो. पण तो पाळूनही दार उघडत नाही, तेव्हा दाराशी नियमाखेरीज आणखी कोणीतरी उभे असते. हा धागा नियमांविषयीचा असल्यामुळेच ही आठवण मध्ये घातली. सगळे खापर नियमांवर फोडणे सोपे असते.

१२/ १ ऑगस्ट १९५३ रोजी आठ कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स झाली. वैमानिकाच्या आयुष्यक्रमावर याचा परिणाम खोल होता. देशांतर्गत नियमित उड्डाणांसाठी नोकरी देणारा आता एकच. वाट अरुंद, पण सरळ. क्लबात अनुदानित दराने तास जमवायचे, परवाना घ्यायचा, महामंडळात निवड झाली की पुढचे महागडे शिक्षण महामंडळाच्या हैदराबादच्या प्रशिक्षण केंद्रात. डाकोटावरून फोकरवर, फोकरवरून बोइंगवर. ज्येष्ठतेच्या यादीत नाव सरकत जाई. जागा फार थोड्या होत्या हे खरे, आणि त्यासाठी शहरात, क्लबाच्या आसपास असावे लागे. तरी मध्यमवर्गीय घरातल्या मुलामुलींना ही वाट दिसत तरी होती. सौदामिनी देशमुख या मराठी नावाच्या कप्तानाने १९८५ साली कलकत्ता ते सिल्चर अशा फोकर विमानाचे सारथ्य केले. दोन्ही खुर्च्यांवर स्त्रिया असलेले ते इंडियन एअरलाइन्सचे पहिले उड्डाण. प्रेम माथुर यांना न मिळालेली खुर्ची ती हीच.

१३/ नागपूर फ्लाइंग क्लब १९४७ चा. चांद्याच्या मुलाला सर्वांत जवळची उडायची जागा हीच. पण दीडशे किलोमीटर म्हणजे काय, हे पावसाळ्यात भामरागडहून आलापल्लीपर्यंतही पोहोचू न शकलेल्या माणसाला विचारा. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, हे आपण आजही दरवर्षी वाचतो.

१४/ जागतिक पातळीवर नियमांना नवा साचा मिळाला तो ७ डिसेंबर १९४४ च्या शिकागो करारातून. या करारातून निघालेल्या संघटनेचे, म्हणजे आयकाओचे, पहिले परिशिष्टच कर्मचाऱ्यांच्या परवान्यांविषयी आहे. एप्रिल १९४८ मध्ये ते स्वीकारले गेले. आज भारतात व्यावसायिक परवान्यासाठी किमान २०० तास, आणि कप्तानपदासाठी लागणाऱ्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट परवान्यासाठी १५०० तास, हे आकडे याच परंपरेतले. २०० तासांतही पोटविभाग आहेत : स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून किती, लांबच्या पल्ल्याचे किती, केवळ उपकरणांकडे पाहून किती, रात्री किती. १९२९ च्या चार तासांपासून आपण किती दूर आलो, ते पाहा.

१५/ हे आकडे हवेतून आलेले नाहीत. नियमावलीतल्या बऱ्याच ओळींच्या मागे अपघात आहे, आणि तो मृतांच्या संख्येसह सांगता येतो. एक उदाहरण आपल्या देशातले, आणि या धाग्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. १२ नोव्हेंबर १९९६. हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ समोरासमोर धडकले. ३४९ माणसे गेली, एकही वाचले नाही. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली आले होते. चौकशीत वैमानिकांच्या इंग्रजी समजण्याच्या मर्यादेचा मुद्दा पुढे आला. जमिनीवरून सांगितलेला आकडा आणि विमानात समजलेला आकडा यांत अंतर पडले.

१६/ अशा अपघातांनंतर आयकाओने वैमानिकांसाठी इंग्रजीच्या परीक्षेची अट आणली. सहा पायऱ्यांची मोजपट्टी, त्यातली किमान चौथी पायरी गाठलीच पाहिजे. मार्च २००८ पासून ती लागू झाली. नियम म्हणून यात खोट काढता येणार नाही. ३४९ मृत्यूंनंतर कोण काढील?

१७/ आता हाच नियम इंद्रावतीच्या काठावर बसून वाचू. एटापल्ली-भामरागडच्या मुलाची घरची भाषा माडिया. शाळेत गेल्यावर मराठी. सिरोंचाकडे असेल तर कानावर तेलुगू. दूरदर्शनवर हिंदी. इंग्रजी ही त्याची चौथी किंवा पाचवी भाषा. हवामान, दिशादर्शन, हवाई नियम, तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा तो देतो त्या इंग्रजीत, आणि रेडिओवरून बोलण्याची वेगळी परीक्षा असते तीही इंग्रजीत. पुण्याच्या इंग्रजी शाळेतल्या मुलाला ही अट दिसतसुद्धा नाही, पायाखालून निघून जाते. इथे ती उभी भिंत असते. अट एकच, शब्दही तेच. पण चार भाषा बोलणाऱ्या मुलाला भाषेच्या अटीवर मागे राहावे लागावे, यातला विरोधाभास मला अस्वस्थ करतो.

१८/ दुसरी अट शिक्षणाची, आणि तिची कथा आणखी वेगळी. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत व्यावसायिक परवान्यासाठी दहावी उत्तीर्ण पुरे असे. मग बारावी आणि तीही भौतिकशास्त्र व गणित घेऊन, अशी अट आली. चरखी दादरीसारखा एखादा प्रसंग या अटीच्या मागे दाखवता येत नाही. वैमानिकाला लागणारे गणित, म्हणजे वेग, वेळ, इंधन, वाऱ्याचा कोन, हे शाळेच्या दहावीपर्यंतच्या गणितात बसते, असे अनेक जुने वैमानिक सांगतात. आणि ते गणित परवान्याच्या परीक्षेत पुन्हा तपासले जातेच. तरी अट राहिली, तीस वर्षे.

१९/ काळही नेमका पाहा. १९९४ मध्ये हवाई महामंडळांचा कायदा रद्द झाला आणि खासगी कंपन्यांना नियमित वाहतुकीचे दार पूर्ण उघडले. म्हणजे नोकऱ्या वाढण्याच्या सुरुवातीलाच प्रवेशाची पहिली पायरी उंच झाली. शहरात विज्ञान शाखा ही घरापासून सायकलच्या अंतरावर असते. गडचिरोलीच्या दुर्गम तालुक्यांत, आश्रमशाळेतून दहावी झालेल्या मुलीला जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात बहुधा कला शाखा मिळते. विज्ञानासाठी तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी खोली घेऊन राहायचे, किंवा नाद सोडायचा. सोळाव्या वर्षी गावात जी शाखा होती ती तिने घेतली. त्याच दिवशी, तिला न सांगता, आकाशाचा निर्णय झाला.

२०/ तिसरी अट कागदावर लिहिलेली नाही : पैसा. क्लबांची अनुदाने आटली, महामंडळाची सरळ वाट विरळ झाली, आणि २०० तासांचा खर्च विद्यार्थ्यावर आला. आज तो अर्ध्या कोटीच्या घरात जातो. त्यावर विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, ज्याला टाइप रेटिंग म्हणतात, तेही पुष्कळदा स्वतःच्या खर्चाने. धानाच्या दोन-तीन एकर शेतीवर बँक किती कर्ज देईल, हा प्रश्न विचारण्याचीही गरज नाही. आणि इथे नियमाचा आणखी एक पेच आहे. परवाना मिळवला की काम संपत नाही. तो जिवंत ठेवायला उडत राहावे लागते, चाचण्या नव्याने द्याव्या लागतात. २०१२ मध्ये किंगफिशर आणि एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली. अशा प्रत्येक वेळी अनुभवी वैमानिक बाजारात उतरतात आणि नवा परवानाधारक रांगेत मागे जातो. ज्याच्या घरी पैसा आहे तो रांगेत उभा राहूनही तास विकत घेतो. दुसऱ्याचा परवाना कपाटात म्हातारा होतो.

२१/ नियम कडक करण्याची सर्वांत गाजलेली अलीकडची घटना अमेरिकेतली आहे, आणि ती इथे सांगायला हवी, कारण तिच्यातून एक फार उपयोगी गोष्ट दिसते. १२ फेब्रुवारी २००९ रोजी कोल्गन एअरचे विमान बफेलोजवळ एका घरावर कोसळले. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा १, असे ५० जण गेले. मृतांच्या कुटुंबीयांनी चिकाटीने पाठपुरावा केला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकालाही सर्वसाधारणपणे १५०० तास आवश्यक ठरले. तोवर २५० तासांच्या व्यावसायिक परवान्यावर ती खुर्ची मिळू शकत असे.

२२/ आता गंमत पाहा. त्या अपघातातल्या कप्तानाचे ३००० हून अधिक तास होते आणि सहवैमानिकेचे २००० हून अधिक. म्हणजे नवा नियम आधीच लागू असता तरी ते दोघे त्या खुर्च्यांवर बसलेच असते. चौकशीत पुढे आले होते ते वेगळेच : विमानाचा वेग घटत असताना दिलेली चुकीची प्रतिक्रिया, प्रशिक्षणातल्या उणिवा, थकवा. तास मोजायला सोपे असतात, समज मोजणे कठीण. नियम करणारे अनेकदा सोप्याकडे वळतात. परिणामी अमेरिकेतले नवखे वैमानिक प्रशिक्षक होऊन, जाहिरातीचे फलक ओढत, पिकांवर फवारणी करीत तास जमवू लागले; पण त्याचबरोबर लहान विमान कंपन्यांना अतिशय कमी असलेले पगार वाढवावे लागले. तेव्हा हा नियम निव्वळ वाईट ठरला, असेही म्हणता येत नाही. भारतात मात्र सहवैमानिक आजही २०० तासांच्या परवान्यावर आणि टाइप रेटिंगवर बसू शकतो. आपल्याकडची चाळणी तासांची कमी, खिशाची जास्त.

२३/ खिशाची चाळणी इतकी बारीक झाली की काहींनी ती फाडली. जानेवारी २०११ मध्ये गोव्यात एक प्रवासी विमान चुकीच्या पद्धतीने, पुढच्या चाकावर उतरवले गेले. त्या वैमानिकाची चौकशी करताना परवान्यासाठी दिलेल्या गुणपत्रिकाच बनावट असल्याचे उघड झाले. मग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, देशभरातल्या परवान्यांची तपासणी हाती घेतली आणि आणखी प्रकरणे निघाली. यावर कडक होण्यावाचून दुसरा मार्गच नव्हता.

२४/ त्याच्या आदल्याच वर्षी, २२ मे २०१० रोजी, मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीपलीकडे विमान कोसळून १५८ जण गेले. प्रवासाचा मोठा भाग कप्तान झोपेत होता, हे ध्वनिमुद्रणातून कळले. थकव्याचा प्रश्न अशा रीतीने नियमांत शिरला. जानेवारी २०२४ च्या नव्या नियमांनी साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ वर नेली आणि रात्रीच्या उतरणीच्या संख्येवर मर्यादा घातली. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला आणि डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण वैमानिक पुरेना. विश्रांतीचा नियम म्हणजे दुसऱ्या बाजूने पाहिल्यास अधिक वैमानिकांची गरज. वैमानिक कमी पडतात असे देश म्हणतो तेव्हा ते घडवायचे कुठून, हा प्रश्न मग चांद्यापर्यंत येऊन पोहोचतो.

२५/ आणि आता बिरसी. गोंदिया जिल्ह्याची दक्षिण सीमा गडचिरोलीला लागून आहे. त्या युद्धकालीन धावपट्टीवर भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी यांच्या भागीदारीतून राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. देशभरातून मुले तिथे येतात. तिथले आकाश फुकटचे नाही. २०१७ मध्ये वैनगंगेवर आडव्या ताणलेल्या तारेला लागून एक प्रशिक्षण विमान नदीत कोसळले. २०२३ मध्ये बिरसीहून निघालेले दुसरे, पलीकडच्या बालाघाटच्या जंगलात. दोन्ही वेळा प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थी असे दोघेही गेले. सर्व नियम सैल करा असे म्हणणाऱ्याने वैनगंगेची ही तार लक्षात ठेवावी. पुढे हीच नदी चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांची सीमा होते.

२६/ खुद्द चंद्रपूरला मोरव्याची लहान धावपट्टी आहे. नागपूरच्या विमानतळावर प्रवासी विमानांची वर्दळ वाढली. क्लबाचे प्रशिक्षणही मध्यंतरी काही वर्षे थांबले होते. हे प्रशिक्षण मोरव्याहून व्हावे, त्यात इथल्या आदिवासी मुलांना स्थान मिळावे, अशी योजना अलीकडे पुढे आली. नागपूरच्या महाज्योती संस्थेनेही इतर मागासवर्गीय आणि भटक्या-विमुक्त समाजांतल्या तरुणांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबामार्फत वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली. इतिहासाच्या नजरेने पाहिल्यास यात नवे काही नाही. १९२८ च्या क्लबांना अनुदान होते, १९४० च्या दशकात युद्धाने खर्च उचलला, १९५३ नंतर महामंडळाने. तास कोणीतरी दुसऱ्याने भरले, तेव्हा तेव्हा नवी माणसे त्या खुर्चीपर्यंत गेली. राजुरा तालुक्यातल्या मूर्ती येथल्या मोठ्या विमानतळाचा प्रस्ताव मात्र वाघांच्या भ्रमणमार्गाच्या प्रश्नावर अडला. आमच्या जिल्ह्यात वाघालाही वाटेचा हक्क आहे, आणि तो असावाच.

२७/ बारावीच्या विज्ञानाची अट काढण्याचा विचार डीजीसीए करीत असल्याच्या बातम्या २०२५ मध्ये आल्या. ती निघाली तर दहावीनंतर कला शाखेत गेलेल्या त्या मुलीसमोरचे एक दार उघडेल. डोळ्यांच्या आणि हृदयाच्या तपासण्या, इंग्रजीची चौथी पायरी, लेखी परीक्षा, २०० तास ही दारे तिथेच असतील, आणि त्यांतली बहुतेक असायलाच हवीत. दरम्यान ज्यांना थांबायचे नाही त्यांच्यासाठी एक माहिती : कला किंवा वाणिज्य शाखेतून बारावी झालेल्यांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन विषय वेगळे देता येतात. देशभरातले अनेक जण याच आडवाटेने आत शिरले आहेत.

२८/ पुढच्या धाग्यात बिरसीची धावपट्टी : युद्ध संपल्यावर मधल्या साठ वर्षांत तिचे काय झाले. तुमच्या घरात कोणी रात्रीच्या टपालाची विमाने पाहिली असतील, चांदा, बल्लारपूर, वरोरा, कुठूनही, तर त्यांना विचारा आणि खाली लिहा. आवाज किती वाजता येत असे, एवढे कळले तरी पुष्कळ.